आवडीचा प्रकल्प आणि रुग्णालयाचा दरवाजा

मार्च-एप्रिल आला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. प्रकल्प चालू स्थितीत दाखवायचा असतो, अहवालाचे ‘ब्लॅक बुक’ बांधून घ्यायचे असते, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची असते. डहाणू रोडहून पहाटेची लोकल पकडून पालघर, बोईसर, विरार, वसईच्या महाविद्यालयांत जाणारी मुले यात असतात. तलासरीच्या पाड्यावरून महामार्गापर्यंत चालत येऊन मिळेल ते वाहन धरणारीही असतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरात आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नसते. प्रकल्पांचे विषय मात्र वर्षानुवर्षे तेच दिसतात : कचरा जवळ आला की आपोआप उघडणारा डबा, चेहरा ओळखून हजेरी लावणारे यंत्र, कुंडीतील माती सुकली की सुरू होणारा पंप, काळ्या रेषेवरून चालणारी गाडी. असे प्रकल्प बाजारात अहवालासकट तयार मिळतात, आणि अनेक जण ते विकत घेतात, हेही उघड गुपित आहे.

याला मुलांचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विषय ठरवताना ‘तुला काय आवडते? सुटीच्या दिवशी तू काय करतोस?’ हा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारलेला नसतो. विचारलाच, तर तारपा वाजवायला आवडतो, बापाबरोबर होडीवर जायला आवडते, जुनी मोटारसायकल खोलून जोडायला आवडते, अशी उत्तरे येतील. आणि ती अभियांत्रिकीच्या वहीत बसत नाहीत असे मुलांना आणि शिक्षकांना दोघांनाही वाटते. वैद्यकशास्त्राचा इतिहास मात्र याच्या नेमके उलटे सांगतो.

डॉक्टरच्या गळ्यातील स्टेथोस्कोपचेच पाहा. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लायनेक या डॉक्टरसमोर हृदयविकाराची एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला संकोचाचे वाटले. त्याने कागदाची घट्ट सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले, तेव्हा हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकण्यापेक्षाही स्पष्ट आले. पुढे त्याने कागदाच्या जागी लाकडी नळी आणली आणि ती स्वतः लेथवर कातून तयार केली. लायनेक बासरी वाजवत असे आणि लाकूड कातण्याचाही त्याला नाद होता. पोकळ नळीतून आवाज कसा जातो, नळीची लांबी आणि भोक बदलले की काय बदलते, हे त्याच्या कानाला आणि हाताला आधीच ठाऊक होते. संकोच अनेक डॉक्टरांना वाटला असेल, पण नळी सुचली ती नळीत फुंकर घालणाऱ्याला.

दुसरे उदाहरण हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या पेसमेकरचे. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात अर्ल बॅकन हा तरुण अभियंता १९४९ पासून एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची बिघडलेली उपकरणे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत होता. विजेच्या खेळांचे वेड त्याला लहानपणापासून होते. त्या काळी पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली, आणि बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी बॅकनला विचारले की विजेशिवाय चालणारे काही करता येईल का. बॅकनला हौशी लोकांसाठीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापलेले मेट्रोनोमचे सर्किट आठवले. मेट्रोनोम म्हणजे गाण्याबजावण्याचा सराव करताना ठेका धरून देणारे यंत्र. ठेका संगीताचा असो वा हृदयाचा, ठरावीक अंतराने टिचकी द्यायची हेच काम. सुमारे चार आठवड्यांत छातीवर बांधता येईल असा बॅटरीवरचा पेसमेकर तयार झाला.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक मुलाच्या हाताशी असलेले. बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी ताणून-सैल सोडून गरगर फिरवायचे, हा खेळ डहाणूच्या पाड्यांपासून लंडनपर्यंत सगळीकडे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि साद भामला यांच्या गटाने या खेळण्याचे गणित मांडले आणि २०१७ मध्ये कागदाची चकती, दोरा आणि हाताच्या दोन मुठी यांचे ‘पेपरफ्यूज’ प्रसिद्ध केले. ते मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरते. रक्तातील पेशी आणि प्लाझ्मा त्याने दीड मिनिटात वेगळे होतात. वीज नसलेल्या उपकेंद्रात रक्त तपासायचे तर याचे मोल वेगळे सांगायला नको.

या तिन्ही गोष्टींत दोन धागे समान आहेत. छंदाने हात आणि डोळा तयार करून ठेवला होता, आणि रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या कोणीतरी नेमका प्रश्न समोर ठेवला. एकट्या छंदातून खेळणे होते, एकट्या प्रश्नातून समित्यांचे अहवाल होतात. दोन्हींची गाठ पडली की उपकरण होते. डहाणू-तलासरीच्या मुलांकडे पहिली गोष्ट भरपूर आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या घराजवळच्या रुग्णालयात रोज पडून आहे. दोन्हींमधला दरवाजा मात्र बंद आहे.

तारप्याचेच घ्या. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, असे हे वाद्य. ते वाजवणारा श्वास नाकाने आत घेत असतानाच गालांत साठवलेली हवा बाहेर सोडत राहतो, म्हणून रात्रभर नाच चालला तरी सूर तुटत नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू हे वाद्यही अशाच श्वासाने वाजते. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वास अडखळण्याचा त्रास असलेल्या २५ जणांपैकी काहींना चार महिने डिजरिडू शिकवले, बाकीच्यांना प्रतीक्षा यादीवर ठेवले. शिकलेल्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि झोपेतले श्वासाचे अडथळेही घटले. तारप्यावर असा निष्कर्ष लगेच लावता येणार नाही. पण तारपा वाजवणाऱ्याच्या तोंडात हवेचा दाब किती होतो आणि तो किती वेळ टिकतो, हे मोजणारे साधे उपकरण हा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रकल्प आहे. दाबमापक चकती स्वस्तात मिळते. तिचे वाचन खरे आहे का, हे पाण्याने भरलेल्या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या नळीशी ताडून पाहता येते. तेच उपकरण पुढे दम्याच्या रुग्णाला फुंकण्याचा व्यायाम शिकवायला वापरता येईल का, हा प्रश्न मग फिजिओथेरपिस्टने विचारायचा. ज्या मुलाचा आजा तारपा वाजवतो, त्याला या प्रकल्पासाठी रात्र जागायला कोणी सांगावे लागणार नाही.

मोटारसायकलचे वेड हे पालकांच्या काळजीचे आणि पोलिसांच्या दंडाचे कारण समजले जाते. पण पावसाळ्यात या तालुक्यांतल्या डॉक्टरांना सर्वांत जास्त धास्ती असते ती सर्पदंशाची. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा वेदना फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि मग श्वास थांबायला लागतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विषावरचे औषध रुग्णालयात असते. रुग्ण तिथे वेळेत पोहोचत नाही, हे दुखणे आहे. नेपाळच्या तराईत यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला. गावातल्या मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांनी रुग्णाला मध्ये बसवून, मागे आधाराला एक माणूस घेऊन, थेट उपचार केंद्रावर आणायचे, आणि त्यासोबत गावात माहिती द्यायची. सर्पदंश झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. यात नवे यंत्र एकही नव्हते. कोणत्या पाड्यावरून कोणत्या वाटेने पावसात मोटारसायकल जाते, ओढ्याला पाणी चढले की कोणता फरशीपूल बंद होतो, हे गाडीवेड्या मुलाला नकाशापेक्षा चांगले माहीत असते. ही माहिती नोंदवून तलासरी किंवा कासा रुग्णालयापर्यंतची वेळ काढणारा प्रकल्प संगणक शाखेच्या कोणत्याही हजेरी-यंत्रापेक्षा अवघड आणि उपयोगी आहे.

डहाणू फुग्यांच्या कारखान्यांसाठीही ओळखले जाते. रबराच्या चिकात साचे बुडवून फुगा कसा होतो, चीक जास्त झाला किंवा उन्हात माल पडून राहिला तर तो कुठे फुटतो, हे त्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांनी घरी ऐकलेले असते. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात जीव वाचवणारे एक स्वस्त साधन याच रबराचे आहे. बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम रबरी नळीला बांधून गर्भाशयात ठेवला आणि सलाइनचे पाणी भरून आतून दाब दिला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या नोंदीतील २३ही स्त्रियांचा रक्तस्राव थांबला. आता, उन्हाळ्यात पत्र्याच्या कोठारात महिनोन् महिने पडलेले रबरी हातमोजे आणि कंडोम किती ताणाला फाटतात, हा प्रश्न मेकॅनिकल शाखेच्या मुलीने तपासायला काय हरकत आहे? त्याला रुग्णाच्या अंगाला हात लावावा लागत नाही, एक ताण मोजणारा काटा आणि काही आठवड्यांची चिकाटी लागते.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर झोपले. जे मूल तेव्हा पाचवी-सहावीत होते ते आज महाविद्यालयात आहे. त्याला जमिनीच्या हलण्याविषयी जे कुतूहल असेल ते पुस्तकातून आलेले नसेल. मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा संवेदक असतोच. कुडाची भिंत आणि विटांची भिंत जवळून जड वाहन गेले तर किती वेगवेगळी थरथरते, हे त्यावर नोंदवता येते. अशी मोजणी करणारा मुलगा पुढे चांगला इमारत अभियंता होईल, आणि रात्री आत झोपायचे की बाहेर, या भीतीत जगणाऱ्या घराला काही विश्वासाने सांगू शकेल.

नवे काही करण्याआधी मोडलेले दुरुस्त करणे हाही प्रकल्पच आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी साधने कमी असलेल्या देशांतील रुग्णालयांच्या यादीतील उपकरणे तपासली, तेव्हा सुमारे ४० टक्के उपकरणे बंद अवस्थेत होती. कारणे बहुधा छोटी असतात : फ्यूज, केबल, प्लग, विजेचा कमी-जास्त दाब, किंवा वापरायचे कसे हे कोणी न सांगणे. नवजात बाळाला ऊब देणारे वॉर्मर किंवा काविळीसाठीचा निळ्या प्रकाशाचा दिवा बंद पडला की त्या रात्रीचे बाळ जिल्ह्याबाहेर पाठवावे लागते, आणि तो रस्ता अडीच किलोच्या आतल्या बाळासाठी फार लांब असतो. रेडिओ आणि मिक्सर खोलणाऱ्या मुलाला महाविद्यालयाने दुरुस्तीचे गुण द्यायला हवेत. बॅकननेही सुरुवात दुरुस्तीनेच केली होती.

इथे एक इशारा द्यायला हवा, आणि तो मोठ्या आवाजात. बॅकनचा पहिला पेसमेकर प्रयोगशाळेत प्राण्यावर तपासायला दिला होता. तो दुसऱ्याच दिवशी एका मुलाच्या छातीवर बांधलेला दिसला. मूल वाचले, म्हणून ती गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. आज असे करता येणार नाही आणि करूही नये. १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. माणसावर कोणताही प्रयोग करायचा तर नीतिसमितीची परवानगी आणि त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. आदिवासी पाड्यावर ‘कॉलेजची पोरे मशिन घेऊन आली’ म्हणून बोट पुढे करणारी माणसे भेटतात. त्यांचा हा विश्वास म्हणजे संमती नव्हे.

हा केवळ कायद्याचा मुद्दा नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बनवणे हा हल्ली आवडता प्रकल्प आहे. सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात. पण २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासात दिसले की नावाजलेली ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर चुकतात. रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असताना यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. वर्गातल्या चार मित्रांच्या बोटांवर ‘९८’ दिसले म्हणून यंत्र बरोबर ठरत नाही. किती वेळा मोजले, कशाशी ताडले, किती चुकले, हे ज्या ब्लॅक बुकमध्ये नाही ते कितीही सुबक बांधलेले असो, आरोग्याच्या कामाचे नाही. आवड मुलाला कामाला लावते, पण खरे-खोटे करायला मोजपट्टीच लागते.

‘आवड वगैरे सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी ठीक आहे, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला नोकरी हवी, त्याने बाजारात चालते तेच करावे,’ असे म्हणणारे भेटतील. त्यात तथ्य आहे; घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेले असते. पण मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा ‘प्रकल्प कोणता केलास?’ हाच असतो आणि विकत घेतलेला प्रकल्प दुसऱ्या प्रश्नाला गडगडतो. दाबमापक तीन वेळा का जळला आणि चौथ्यांदा काय बदलले, हे सांगणारी मुलगी इंग्रजीत अडखळली तरी समोरच्याला कळते की हिने काम केले आहे. नुकसान आणखी एक आहे, आणि ते गुणपत्रिकेत दिसत नाही. बापाचे, आजाचे, गावाचे ज्ञान शिक्षणात कामाचे नाही, हा धडा विकतचा प्रकल्प चार वर्षांच्या शेवटी पक्का करून टाकतो.

राज्यात यासाठी लागणारे रस्ते काही प्रमाणात तयार आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम शाळांपर्यंत नेला. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ केंद्र आहे. तिथेच राज्य सरकारच्या मदतीने उभ्या राहिलेल्या ‘बेटिक’ केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणे घडवतात. उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न प्रकल्पासाठी घ्यावेत, अशी दिशाही दिली आहे. तरी पवईतील केंद्र आणि पाड्यावरचे उपकेंद्र यांच्यामध्ये तालुक्याचे रुग्णालय आहे, आणि तिथे विद्यार्थ्याने कोणाला भेटायचे हे ठरलेले नाही.

ते ठरवायला निधी लागत नाही. डहाणू व कासा उपजिल्हा रुग्णालयांत आणि तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात एक साधी वही ठेवावी. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा चालक, आशाताई यांनी अडलेली गोष्ट त्यात दोन ओळींत लिहावी : ‘सलाइनची बाटली संपली हे रात्री कळत नाही’, ‘लसीचा डबा उतारावर पडतो’, ‘सिकलसेलच्या मुलांना पाणी पिण्याची आठवण राहत नाही’. रुग्णाचे नाव-गाव त्यात येऊ नये. महिन्यातून एका ठरलेल्या दुपारी जवळच्या महाविद्यालयातील मुलांनी येऊन ती वही वाचावी आणि ज्याला जे भावेल ते त्याने उचलावे. प्रश्न वाटून देऊ नयेत. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना वेळ नसतो हे खरे. पण महिन्यातला अर्धा तास निघू शकतो. महाविद्यालयाने बदल्यात एवढेच करावे : विषय रुग्णालयातून आला असेल तर वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याला तिथे जाऊन ‘काय जमले, काय जमले नाही’ हे सांगायला लावावे, आणि न जमलेल्या पण नीट मोजलेल्या प्रकल्पाला पूर्ण गुण द्यावेत.

डहाणू तालुक्याला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या त्यांच्या अंगणात गेल्या, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, आणि आसपासच्या वस्तूंतून शिकवण्याची साधने केली. मुलाला जे माहीत आहे आणि आवडते तिथून सुरुवात करायची, हा धडा या मातीत ऐंशी वर्षांपूर्वी बालवाडीसाठी गिरवला गेला. त्या बालवाड्यांतल्या मुलांची नातवंडे आता अभियंते होत आहेत. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पालाही तोच नियम लावायला हरकत नसावी.